पंख्याखालची जागा



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं. विहार पत्र्याचा, पंखा एकच. त्या दिवशी महाप्रजापती गौतमीची गोष्ट आली होती. वाचणाऱ्या ताईंनी पान उलटलं, तोच मागून एक मावशी उठल्या आणि पंखा पाचवर केला. पान फडफडलं, ओळ हरवली. पुढच्या आजी पदर गुंडाळत उठल्या, पंखा बंद केला. दोन मिनिटांनी मावशी परत उठल्या. चालू. बंद. चालू. बाहेर धो धो पाऊस, बाकीच्या बाया गारठलेल्या, आणि मावशींच्या कपाळावरून घामाच्या धारा. शेवटी वाचणाऱ्या ताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गौतमी कपिलवस्तूहून चालत चालत वैशालीला पोचली, पण तुमच्या पंख्याचा निकाल काही लागेना!"

सगळा विहार हसला. हसता हसता आमच्या शेजारच्या काकू एकदम गप्प झाल्या. पाय आवळून बसल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, हसवू नका हो. हसलं की सुटतं."

एका संध्याकाळी, एका पत्र्याखाली, पाळी जाण्याच्या वयाचा निम्मा अभ्यास झाला. नर्सिंगच्या डिप्लोम्याला आम्हाला बाळंतपण शिकवलं, बाळ शिकवलं, टाके शिकवले. पण मुलं मोठी झालेल्या बाईचं काय, यावर एक तास तरी झाला होता का, आठवत नाही.

चाळीस ते पंचावन्न हे वय म्हणजे आपल्या बायकांचा रोजचा नवा उद्योग. मोबाइल तांदळाच्या डब्यात सापडतो. चष्मा डोक्यावर, आणि शोध घरभर. एक काकू रात्री दोन वाजता अंगातून वाफा निघतात म्हणून फ्रीज उघडून त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. नवऱ्याने दोन रात्री बघितलं आणि तिसऱ्या दिवशी लेकाला सांगितलं, "तुझी आई चोरून श्रीखंड खाते."

होतं काय, तर बीजकोश दमतात. ते रक्तात जो रस सोडत होते, म्हणजे ईस्ट्रोजेन, तो कधी जास्त कधी कमी असं होत होत आटत जातो. मेंदूत अंगाची ऊब सांभाळणारी एक जागा असते. तिचा हिशेब बिघडतो. जराशी ऊब वाढली तरी तिला वाटतं अंग तापलं, मग ती रक्त कातडीकडे लोटते, घाम सोडते. भडका उठतो आणि काही मिनिटांत उतरतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरायचं. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. कुणाचं थोडं आधी, कुणाचं नंतर. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. आणि दोन-चार महिने पाळी चुकली म्हणजे गेली असं नाही. आमच्या ओळखीत एक बाई 'गेली, गेली' म्हणत होत्या. ती गेली नव्हती, दिवस गेले होते. सासू आणि सून एकाच महिन्यात नाव नोंदवायला गेल्या.

हे सगळं हसून सांगता येतं. पण घरोघरी ते कुजबुजूनच सांगतात, यावर आमचा राग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, तेव्हा आपल्या घरातला विटाळ उंबऱ्याबाहेर गेला असं आपण म्हणतो. विटाळ गेला, कुजबुज मात्र कोपऱ्यात बसूनच राहिली. एका घरात बाईला रात्री घाम यायचा, छाती धडधडायची, कारण नसताना रडू यायचं. घरच्यांनी ठरवलं, बाधा आहे. आम्ही गेलो तर भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, आणि तिच्याच खाली फळीवर अंगाऱ्याची पुडी. आम्ही म्हटलं, बाधा नाही, बीजकोश आहेत, आणि चला, रक्तही तपासून घेऊ. हिमोग्लोबिन सात निघालं. दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावर जात होतं आणि ती कुणाला बोललीच नव्हती. तरी तिची धडधड अंगाऱ्याने थांबणार होती!

आपण दर पौर्णिमेला वंदना घेतो. सगळं बदलतं, अनित्य आहे, हे आपल्याला पाठ आहे. मग तो बदल आपल्याच अंगात आला की लाज कशाची? थेरीगाथा काढून बघा. आंबपाली थेरी केसांपासून पायांपर्यंत म्हातारपणाने काय काय बदललं ते एकेक करून सांगते, काही झाकत नाही. मुत्ता थेरी ऊखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींच्या जाचातून सुटल्याचा आनंद सांगते. हे आम्ही महिला मंडळात सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "सिस्टर, मुसळ गेलं, मिक्सर आला. तिसऱ्याचं काय?" त्या दिवशी पुढचं काहीच शिकवता आलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही. त्यात चूक आमचीही आहे.

भीमजयंतीच्या आधी विहार धुवायला आम्ही सगळ्या जमलो होतो. मंडळातल्या एक आक्का, वय चोपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. फरशी घासता घासता म्हणाल्या, "अगं, माझी परत आली. तरुण झाले मी." कुणी म्हणालं पेढे वाटा. कुणी म्हणालं दादांना सांगा, नवी साडी आणतील. सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली नर्स, हातात खराटा घेऊन हसली.

आक्कांना दुखत काही नव्हतं. महिन्यातून दोन-चार डाग दिसायचे. त्या कापड घ्यायच्या आणि चार घरची धुणीभांडी करायला जायच्या. वर्षावास संपत आला तेव्हा जिन्यावर दम लागून बसल्या, म्हणून आम्ही विचारलं आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला गेला, आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शेक झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे कर्ज काढावं लागलं नाही. आज दोन वर्षं झाली, आक्का आहेत, बऱ्या आहेत. पण वॉर्डात त्या आम्हाला एक वाक्य बोलल्या ते अजून कानातून जात नाही. "तुम्ही हसलात, म्हणून मला वाटलं काही नसेल."

म्हणून हे नीट वाचा, आणि घरात वाचता न येणारी कुणी असेल तर तिला वाचून दाखवा. पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर अंगावर लाल गेलं, एक डाग का असेना, तर आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जायचं. बहुतेकींना कॅन्सर निघत नाही. कुणाची आतली कातडी कोरडी पडलेली असते, कुणाला साधी गाठ असते. पण ते तपासल्यावरच कळतं, आणि वेळेत कळलं तर हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. पाळी अजून चालू असणाऱ्यांनी हे बघायचं: तासाला पॅड किंवा कापड बदलावं लागतंय, मोठ्या गुठळ्या पडताहेत, सातपेक्षा जास्त दिवस जातंय, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर जातंय. यातलं काहीही असेल तर 'या वयात असं चालायचंच' म्हणायचं नाही. तसंच प्रत्येक घामाला 'पाळी जातेय' म्हणून सोडायचं नाही. घामाबरोबर छातीवर दाब, जबडा किंवा हात दुखणं, दम लागणं असेल तर ते हृदय असू शकतं. पाळी गेल्यावर बायकांना तो धोका वाढतो. तेव्हा फ्रीज उघडत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात. त्यात हा प्रश्न आहे: पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का? प्रश्न बरोबर आहे. पण विचारतात कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत. तिथे सासरे पेपर वाचताहेत, दीर टीव्ही बघतोय, शेजारीण दारात उभी आहे. बाई म्हणते "नाही", आशाताई "नाही" लिहितात. आक्कांच्या फॉर्मवरही "नाही" आहे. आम्ही स्वतः बघितला.

आमचं मत असं, की हा फॉर्म विहारात भरावा. पौर्णिमेची वंदना झाली की पुरुष मंडळींनी तासभर बाहेर चहा घ्यावा, आत आशाताई आणि बाया. विहार कशासाठी आहे? आजारी भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदांनी आपल्या हाताने धुतलं, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. मग विहारात बाईच्या अंगावर जाण्याचं नाव काढलं तर विहाराचं काय बिघडतं? त्याच बैठकीत गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीलाही नावं द्यावीत. ३० ते ६५ वयाच्या बाईची पाच वर्षांतून एकदा सरकारी केंद्रात फुकट होते, व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून बघतात, सुई नाही की टाका नाही. मिश्री लावणाऱ्यांनी तोंडही दाखवावं. हो, तुम्हीच, आजी.

एक धोका दुसऱ्या बाजूचाही आहे. त्रास सांगितला की काही ठिकाणी लगेच म्हणतात, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तोड बुडू नये, मुकादमाचा दंड पडू नये, म्हणून. पिशवी काढायची वेळ खरंच येते, आक्कांवर आली. पण आधी सोनोग्राफी, गरज असेल तर अस्तराचा तुकडा, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत. "का काढायची ते कागदावर लिहून द्या," एवढं म्हणायचं. आणि बीजकोशही काढणार का, हे विचारायचं. तेही काढले तर वाफा-भडके एका रात्रीत सुरू होतात आणि हाडं लवकर झिजतात. हाडांसाठी नाचणीची भाकरी, तीळ, सुका जवळा, आणि रोज थोडं उन्हात चालणं. हे आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे, डब्याची पावडर विकत घ्यायला नको.

हसल्यावर सुटण्याचं राहिलं. खालचे स्नायू सैल झाले की असं होतं, आणि व्यायामाने सुधारतं. लघवी अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि श्वास आवळायचा नाही. भाकरी थापताना करा, लोकलमध्ये करा, रेशनच्या रांगेत करा, कुणाला कळत नाही. ध्यानाला बसल्यावर मात्र नको. आमच्या काकूंनी आनापानात सुरू केलं आणि श्वास बघायचा सोडून आकडे मोजत बसल्या. खोकताना, शिंकताना खालून अंग बाहेर येत असेल तर मात्र नुसत्या व्यायामावर राहू नका, दाखवा.

आता कमिटीतल्या दादांसाठी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आपल्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण मोरीचा प्रश्न. ते एका दिवसाचं. पण आपल्या स्वतःच्या विहारात बारा महिने तोच प्रश्न आहे. जयंतीच्या साउंडला वर्गणी जमते, कमानीला जमते. बायकांसाठी एक शौचालय, नळ आणि झाकणाची कचरापेटी याला जमत नाही. पांढरी साडी नेसून अष्टशील घेणारी बाई मधेच उठून घरी का जाते, हे कधी विचारलंत का? तिची श्रद्धा कमी नसते. तिला साडीची भीती असते.

आम्ही मंडळाच्या बत्तीस जणींच्या सह्या, अंगठे घेऊन कमिटीला अर्ज दिला. आक्कांचा अंगठा पहिला. मीटिंग झाली. दुसरा पंखा मंजूर झाला, लागलासुद्धा. मावशी त्याच्या खाली, आजी भिंतीकडे, ग्रंथाचं पान जागेवर. शौचालयाचा विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय. मीटिंग येत्या रविवारी, सकाळी अकराला आहे, आणि बत्तीसही जणी जाणार आहोत.