विश्लेषण : टर्बो नसलेल्या स्पोर्ट्स कारचा श्वास कोण कोंडतंय?

ऑक्टोबर 2024 मध्ये पोर्शेने नवी 911 जीटी3 सादर केली. टर्बो नसलेले 4 लिटरचे सहा सिलिंडर इंजिन आणि 9,000 आरपीएम कायम राहिले. शक्तीही पूर्वीइतकीच, 510 पीएस. टॉर्क मात्र 470 वरून 450 न्यूटन मीटरवर घसरला. कारण एक्झॉस्टमध्ये आहे. दोन पार्टिक्युलेट फिल्टरच्या जोडीला आता चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावे लागले आहेत. गेलेली तडफ भरून काढायला कंपनीने गिअरिंग 8 टक्क्यांनी आखूड केले.

फटका यांनाच का?

धूर बाहेर पडण्याची वाट अडली, तर टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवून भरपाई करता येते. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन वातावरणाच्या दाबावरच हवा ओढते. शक्ती वाढवायला त्याच्याकडे दोनच मार्ग उरतात : आकार किंवा आरपीएम. मोठे इंजिन संथ चालताना जास्त पेट्रोल पिते आणि कार्बन डायऑक्साइडच्या चाचणीत बराच वेळ तेच मोजले जाते. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत कमाल वेग ताशी 131 किमी. तिथे 9,000 आरपीएमची पाळीच येत नाही. उच्च आरपीएमवर जादा पेट्रोल सोडून इंजिन थंड ठेवण्याची जुनी युक्तीही अडचणीत आहे, कारण त्याने कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

फेरारीने 2015 मध्येच हिशेब केला. 458 चे 4.5 लिटर इंजिन गेले, 488 मध्ये 3.9 लिटर टर्बो आले. शक्ती 570 वरून 670 पीएस झाली, गेला तो आवाज.

मग 12 सिलिंडर कसे टिकले?

फेरारीच्या 2024 च्या 12चिलिंद्रीत 6.5 लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन आहे. युरोपीय संघात वर्षाला 10,000 पेक्षा कमी गाड्या नोंदवणाऱ्या उत्पादकाला वेगळे, सौम्य लक्ष्य मागता येते. इतरांना सरासरी ओलांडल्यास प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक जादा ग्रॅमला 95 युरो दंड. फ्रान्समध्ये 2025 साली खरेदीदारावरचा प्रदूषण कर 70,000 युरोपर्यंत गेला. थोडक्यात, हे इंजिन श्रीमंतांपुरते उरते आहे.

पार्टिक्युलेट फिल्टरबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ते कण शेवटी कुणाच्या तरी फुप्फुसात जातात. खटकतो तो कार्बनचा हिशेब. प्लग-इन हायब्रिड कागदावर स्वच्छ ठरतात, पण युरोपियन कमिशनच्याच 2024 च्या अहवालानुसार रस्त्यावर त्यांचे उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. त्या आकड्यांच्या आधारे जीटी3 ला दोषी ठरवणे अन्यायाचेच. युरो 7 नियम नव्या मॉडेलना 29 नोव्हेंबर 2026 पासून, तर सर्व नव्या गाड्यांना वर्षभराने लागू होतील.