बुरोंडीपर्यंतचा ई-मेल मध्येच कुठे अडतो?

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावाची माणसे एका जागी राहत नाहीत. काही गावात, बरीचशी मुंबई-ठाणे-विरारला, काही आखातात. गावची शाखा, मुंबईचे मंडळ आणि तालुक्याची संघटना यांना एकमेकांशी बांधून ठेवायचे तर निरोप पोहोचला पाहिजे. आज तो व्हॉट्सॲपवर जातो, आणि ‘गुड मॉर्निंग’च्या ढिगाखाली दोन तासांत गाडला जातो.

व्हॉट्सॲपचे नियमही आपल्या हातात नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. देशभर अशा हत्या होत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. ती योग्यच होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की संघटनेचे परिपत्रक आणि मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा, दोन्हीला एकच चाळणी लागली. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ते मिळतच नाही.

म्हणून अनेक संघटना, विहार समित्या आणि आपल्यासारखी संकेतस्थळे पुन्हा ई-मेल पत्रिकेकडे वळत आहेत. पत्त्यांची यादी आपली असते, मजकूर वर्षानंतरही शोधता येतो. महाबोधी महाविहार आंदोलनाचेच बघा. १२ फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत उपोषण सुरू झाले. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यातले कोणते कलम नेमके काय म्हणते, हे फॉरवर्डमध्ये सांगता येत नाही, त्याला दोन पाने लागतात. ती दोन पाने ई-मेलने पाठवली, आणि गेली कुठे? स्पॅममध्ये.

असे झाले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘आपला आवाज दाबला जातोय.’ ही शंका हवेतून आलेली नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्याच्याही आधी दापोलीत स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांना अस्पृश्यांची बाजू मांडायला ‘दीनबंधू’, ‘सुधारक’ अशा दुसऱ्यांच्या पत्रांचा आधार घ्यावा लागला. दार दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा काय होते, ते आपल्याला माहीत आहे.

तरीही ई-मेलच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. आपली पत्रे स्पॅममध्ये जातात ती बहुतेक वेळा मजकुरामुळे नव्हे, तर ती कोणी पाठवली हे समोरच्या सर्व्हरला कळत नाही म्हणून. बहुतेक मंडळांचे संकेतस्थळ स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर असते. त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो संकेतस्थळे असतात, आणि त्यातल्या एकाने कर्जाच्या जाहिराती पाठवल्या की त्या सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो. त्यात आपण पाठवणाऱ्याच्या जागी टाकतो मंडळाचा जीमेल पत्ता. म्हणजे पत्र निघाले एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून आणि सांगते की मी जीमेलकडून आलो. जीमेलने ते अडवले तर त्यात जात शोधायची गरज नाही.

गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले, ते फेब्रुवारी २०२४ पासून लागू होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी तसेच नियम मे २०२५ पासून आणले. छापील अंकाच्या भाषेत सांगायचे तर असे: पूर्वी साप्ताहिक काढणाऱ्याला नोंदणी क्रमांक घ्यावा लागे, पोस्टाचा परवाना घ्यावा लागे, मग सवलतीच्या दरात अंक जात असे. इथेही नोंदणीच आहे, फक्त ती आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये करायची. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र टाकायची परवानगी कोणकोणत्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर, वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क म्हणजे या दोन्हींत खोट निघाली तर पत्राचे काय करायचे, याची आपण दिलेली सूचना. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पत्रे पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. आपल्या बहुतेक संघटना या आकड्याच्या जवळपासही नाहीत, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यापैकी एक तरी आता लहान-मोठ्या सगळ्यांनाच हवे. होस्टिंगवाल्याकडे मागितले तर एका दुपारचे काम आहे.

खरी अडचण पुढच्या आकड्यात आहे. पत्र मिळालेल्यांपैकी किती जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, ते प्रमाण गूगल मोजते. ते ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असे ते सांगते. हजार जणांना पत्र गेले आणि तिघांनी बटण दाबले, की ०.३ टक्के झाले. तिघे! आपल्या कोणत्याही यादीत पत्रिका नको असलेले तिघे सहज निघतील.

कारण या याद्या बनतात कशा? १४ एप्रिलच्या स्टॉलवर वहीत नाव-नंबर-ईमेल लिहून घेतले जाते, तेही रक्तदान शिबिरासाठी. धम्म सहलीची यादी असते, शिष्यवृत्तीच्या अर्जांची असते. निवडणूक आली की सगळ्या एकत्र होतात. ज्याने रक्त दिले त्याने पत्रिका मागितली नव्हती. त्याला ती थांबवायचा रस्ता सापडत नाही, मग तो हाताशी असलेले बटण दाबतो. त्यावर कार्यकर्ता म्हणतो, समाजाचाच माणूस समाजाची पत्रिका स्पॅम करतो! करणारच. समाजाचा असला म्हणून त्याची इनबॉक्स सार्वजनिक सभागृह होत नाही.

मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांना आता एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोय द्यावीच लागते. लहानांनीही द्यावी, कारण सोडून गेलेला वाचक तक्रार करणाऱ्या वाचकापेक्षा बरा. आपला कायदाही तिकडेच चालला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ म्हणतो की संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली.

याच कायद्यातली एक गोष्ट आपल्या चर्चेत फारशी आलेली नाही. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांमध्ये जात आणि धार्मिक श्रद्धा हा ‘संवेदनशील’ डेटा मानला होता, त्याला जादा संरक्षण होते. २०२३ च्या कायद्यातून तो वर्गच गळाला. म्हणजे बौद्ध तरुणांच्या ई-मेल पत्त्यांची यादी आणि पिझ्झा मागवणाऱ्यांची यादी कायद्याच्या लेखी सारखीच. आपल्या लेखी ती सारखी नाही. खासगी कंपनीत आडनाव न सांगता काम करणारे, वसतिगृहात जात लपवून राहणारे, सरकारी खात्यात बढतीच्या तोंडावर असलेले लोक या याद्यांमध्ये आहेत. आणि आपण काय करतो? तीनशे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकून एकच मेल सोडतो. प्रत्येकाला बाकीच्या २९९ जणांचे पत्ते मिळतात. त्यातला एकजण ‘रिप्लाय ऑल’ करतो आणि यादी आणखी कुठे जाते ते कोणीच सांगू शकत नाही. स्पॅमपेक्षा हे मला जास्त गंभीर वाटते. साध्या जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० जणांची आहे, म्हणून ‘बीसीसी’ने काही दिवस भागेल. पण पत्रिका नियमित काढायची तर प्रत्येकाला वेगळे पत्र पाठवणारी सेवाच वापरली पाहिजे.

पाठवणाऱ्याची ओळख पटणे आपल्याला आणखी एका कारणाने हवे आहे. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव खटल्यात आरोपींच्या वकिलांनी अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीकडून तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालेल्या त्या अहवालानुसार रोना विल्सन यांच्या संगणकात शिरकाव झाला तो जून २०१६ मधल्या ई-मेलमधून, आणि ते मेल आले होते वरवरा राव यांच्या खात्यावरून, ते खाते दुसरेच कोणी वापरत असताना. एसपीएफ-डीकेआयएमने असा प्रकार थांबत नाही, कारण खाते खरेच असते. तिथे दुहेरी पडताळणीचा पासवर्ड लागतो. पण संघटनेच्या नावाने खोटा पत्ता बनवून ‘परिपत्रक जोडले आहे, उघडा’ असे कोणी पाठवले, तर डीमार्क कामाला येते. डोमेन एका कार्यकर्त्याच्या नावावर असते, त्याचे मंडळाशी बिनसते, नूतनीकरण राहून जाते आणि ते नाव दुसराच विकत घेतो, हेही याच प्रकरणातले. डोमेन संस्थेच्या नावावर असावे, हा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घ्यायला हरकत नाही.

मराठीची म्हणून एक वेगळी भानगड आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, युनिकोड देवनागरीतल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन. जीमेल साधारण १०२ केबीपुढचे पत्र कापून दाखवते. त्यामुळे लांब मराठी पत्रिका इंग्रजीच्या आधी कापली जाते, आणि शेवटी असलेली ‘सदस्यत्व रद्द करा’ ही ओळ नेमकी कापलेल्या भागात जाते. पुढे काय होते ते वर आलेच आहे. ही ओळ मराठीत आणि पत्राच्या वरच्या भागात टाकावी. लेख पूर्ण न देता सुरुवातीचे दोन परिच्छेद आणि दुवा द्यावा. दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर मेलमध्ये अगम्य दिसतो, म्हणून आपण त्याचे चित्र करून चिकटवतो. शब्द नाहीत, एकच मोठे चित्र आणि खाली आखूड केलेला दुवा: फसवणुकीचे मेल असेच असतात, चाळणीला फरक कसा कळणार? शिवाय असे चित्र बुरोंडीच्या बंदरावर अर्ध्या रेंजवर उघडत नाही. साधा मजकूर उघडतो.

शेवटची गोष्ट वेळेची. आपण वर्षभर गप्प असतो आणि ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री चार हजार मेल एकदम सोडतो. शांत डोमेनवरून अचानक असा लोंढा आला की समोरचे सर्व्हर तो अडवतात किंवा थोपवून धरतात, आणि चैत्यभूमीवरच्या व्यवस्थेची सूचना आठ तारखेला पोहोचते. महापरिनिर्वाण दिनाची पत्रिका चार हजारांना पाठवायची असेल तर १४ ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पत्र जायला हवे. आधी नेहमी वाचणाऱ्या दोनशे जणांना, मग पाचशे, मग हजार. दरम्यान परत आलेले पत्ते आणि वर्षभर एकही अंक न उघडलेले पत्ते काढून टाकायचे. चार हजारांचे अडीच हजार राहिले तरी चालतील. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवून ठेवले तर पुरेशी पत्रे जाऊ लागल्यावर तक्रारींचे प्रमाण तिथे फुकट दिसते.