पदराआडचा पंप

पावसाळा सरला आणि थंडीची चाहूल लागली की घराघरांत सर्दी-खोकल्याची साथ फिरते. मुलांचा ताप उतरतो, घरधनी चार दिवसांत कामाला लागतात आणि घरातली बाई तर त्याआधीच ओट्यापाशी उभी असते. ताप गेला म्हणजे आजार गेला, असा आपला साधा हिशेब. पण काही जणींच्या बाबतीत तो चुकतो. तीन-तीन आठवडे झाले तरी पहाटे खोकल्याची उबळ येते. फोडणी टाकली की ढास लागते. पाण्याची बादली घेऊन जिना चढताना धाप लागते आणि छातीत बारीक शिट्टी वाजते. मग मेडिकलमधून खोकल्याची बाटली येते. ती संपली की दुसरी. डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही पोटात जातात. का, तर ‘कफ अजून सुटला नाही!’

मैत्रिणींनो, इथेच थोडं थांबायला हवं. जिला आधीपासून दमा आहे, किंवा लहानपणी बाळदमा होता, तिच्या श्वासनलिका मुळात हळव्या असतात. साध्या सर्दीच्या विषाणूनेही त्यांना आतून सूज येते. जंतू निघून जातात, पण सूज मागे राहते, कधी कधी कित्येक आठवडे. धूर, धूळ, गार वारा, इतकंच काय मोठ्याने हसणंही त्या नळ्यांना सोसत नाही. त्या आकसतात आणि आपण खोकतो. ही सूज खोकल्याच्या औषधाने उतरत नाही. अँटिबायोटिकही जंतूंसाठी असतं, सुजेसाठी नाही.

मात्र प्रत्येक लांबलेला खोकला दम्याचाच असेल असंही नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी तिथे मोफत होते. त्यात लाज कसली?

दम्याचं निदान झालं की डॉक्टर पंप लिहून देतात आणि खरी अडचण इथून सुरू होते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘त्यापेक्षा गोळी बरी’ ही वाक्यं आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. आता हिशेब बघा. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं नेहमीचं औषध. त्याची गोळी 4 मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे गोळीच्या चाळिसावा भाग! गोळी पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे जातं.

दुसरी गोष्ट, पंप दोन प्रकारचे असतात. एक तात्पुरता आराम देणारा, दुसरा आतली सूज उतरवणारा. आपण पहिल्यावर विसंबतो, कारण लगेच बरं वाटतं. दुसऱ्याचा गुण हळूहळू येतो, म्हणून तो आठ दिवसांत बंद होतो. पण सूज तशीच ठेवून नुसता आराम घेत राहणं धोक्याचं आहे. दम्यासाठी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने 2019 पासून हेच सांगितलंय, की मोठ्यांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, सूज उतरवणारं औषधही हवंच. बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने सोडायचं नाही. दोन-तीन महिने त्रास आटोक्यात राहिला की डॉक्टरच मात्रा कमी करतात. दिवस गेले असतील तरी पंप परस्पर बंद करू नये. आईचा श्वास कोंडला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो.

पंप घेण्याची रीतही नीट शिकून घ्या. आधी तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत घेताना दाबायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. हे जमत नसेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर पंपाला स्पेसर म्हणजे प्लास्टिकची नळी जोडतात. तो परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचाही करता येतो. 1999 साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी मुलांवर तो वापरून पाहिला आणि विकतच्या इतकाच उपयोगी ठरला. सुजेचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका, नाहीतर तोंड येतं.

घरातही थोडं बघावं. आजारातून उठल्या उठल्या माळ्याची झाडलोट नको. ते काम दुसऱ्या कुणी केलं तर घराचं काही अडत नाही. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती झोपायच्या खोलीत नको. चुलीवर पाणी तापवायचं काम काही दिवस तरी दुसऱ्याकडे द्या. प्राणायाम जरूर करा, पण औषध सोडून नव्हे, आणि धाप लागलेली असताना कपालभाती मुळीच नको.

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला ताठ बसवून, पंप चालू ठेवून तडक दवाखाना गाठा.

हे सगळं सांगूनही एक गोष्ट उरतेच. बचत गटाच्या कामात फिरताना दिसतं, की कितीतरी मुली पंप पदराआड, ओढणीआड घेतात. लग्न जमवताना आईच बजावते, ‘सासरी बोलू नकोस.’ मग तो पंप कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो आणि रात्री दोन वाजता श्वास कोंडला की उठून आणायचंही धाडस होत नाही. चष्मा लागला तर आपण लपवत नाही, मग श्वासाचं औषध का लपवावं? नीट औषध घेणारी दम्याची बाई शेतात राबते, नोकरी करते, मुलांना वाढवते. धोका आहे तो दडवलेल्या दम्यात.

म्हणून सासूबाईंना, आयांना एवढंच सांगणं आहे, की सुनेचा, लेकीचा पंप कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. चहा-साखरेच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवला तरी चालेल. तिथे तो रात्रीही पटकन सापडेल.