लॉगचा फोल्डर हातानं बनवू नका

2027 च्या सिंहस्थात लॉजच्या खोल्या, गाड्या, पूजा यांचं बुकिंग मोबाइलवरूनच होणार. नाशिक-त्र्यंबकमध्ये असा धंदा करणाऱ्यांना आणि त्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांना ही विनंती आहे.

साइटवरची प्रत्येक भेट सर्व्हर लॉग फाइलमध्ये लिहितो. गर्दी वाढली की फाइल फुगते. लिनक्सवर लॉगरोटेट हा प्रोग्राम ठरावीक काळानं जुनी फाइल बाजूला काढून नवी सुरू करतो. जुन्या फाइली कुठं टाकायच्या ते 'ओल्डडिर' या ओळीत सांगायचं. मेख इथंच आहे. तो फोल्डर मुळात नसेल, तर लॉगरोटेट चूक नोंदवतो आणि फाइल आहे तिथंच राहते. नवा सर्व्हर घेतला, सेटिंग जुन्यावरून उचललं, फोल्डर बनवायचा राहिला, की कुणालाच पत्ता लागत नाही. लागतो तो डिस्क भरून बुकिंग बंद पडल्यावर.

म्हणून 'ओल्डडिर'च्या खाली 'क्रिएटओल्डडिर' ही ओळ घाला, म्हणजे नसलेला फोल्डर लॉगरोटेट स्वतःच बनवतो, आणि परवानगी 0750 ठेवा. लॉगमध्ये ग्राहकांचे आयपी पत्ते असतात, कधी कधी मोबाइल नंबरही. ते वाटेल त्याला दिसायला नकोत.

रामकुंडावरचे तीर्थपुरोहित गाव-आडनाव ऐकून नेमकी नामावळी काढतात, तसा नेमका महिना हाती लागायला हवा असेल तर महिनावार फोल्डर करा. अपाचे वेब सर्व्हरच्या रोटेटलॉग्ज या प्रोग्रामला मोठ्या लिपीतला 'डी' पर्याय दिला की तो असे फोल्डर स्वतः बनवतो.

पण 'आपोआप' या प्रकारावर डोळे मिटून विसंबू नका. जुने लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवत असाल आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ती डिस्क जोडलीच गेली नाही, तर त्याच नावाचा फोल्डर मुख्य डिस्कवर तयार होतो. वरून सगळं आलबेल, आतून मुख्य डिस्क भरत चाललेली! फोल्डर बनवण्याआधी डिस्क जागेवर आहे का, हे स्क्रिप्टनं तपासलंच पाहिजे. शिवाय वेगळी डिस्क असेल तर 'रीनेमकॉपी'सारखा पर्याय लागतो. नुसत्या 'ओल्डडिर'नं भागत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे, याचा निकाल सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लावला आहे: 180 दिवस. लॉगरोटेटच्या मूळ सेटिंगमध्ये बहुधा चारच आठवडे असतात. आठवड्याला एक फाइल धरली तर 26 ठेवा; 182 दिवस होतात. सर्व्हरचं घड्याळही नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या एनटीपीशी जुळवून घ्या, नाहीतर बँकेच्या नोंदीतली वेळ आणि तुमची वेळ यांचा मेळ बसणार नाही.

लॉजमालकांना यातलं काही कळलं नाही तरी चालेल. सर्व्हरवाल्याला एवढंच म्हणा, "लॉगरोटेट छोट्या 'डी'नं माझ्यासमोर चालव." त्यात एकही फाइल हलत नाही, काय होणार ते फक्त पडद्यावर दिसतं. फोल्डरच्या नावापुढं 'एरर' दिसला, तर तो दुरुस्त होईपर्यंत बिल देऊ नका.