कुणाचा रं तू?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेल्या पोराला हा प्रश्न चुकत नाही. एसटीतून उतरावं, पिशवी सावरत घराच्या वाटेला लागावं, तर पारावर बसलेला कोणी म्हातारा डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून विचारतो, "कुणाचा रं तू?" घाटावर हे असं, तळकोकणात "कोणाचो रे तू?" आपण आपलं नाव सांगतो. त्याला ते नकोच असतं. वडिलांचं सांगितलं तर तो जरा विचारात पडतो. आजोबांचं सांगितलं की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलतात. "म्हंजी तात्यांचा नातू व्हय! आपलाच की!" मघापर्यंत परके असलेले आपण एका वाक्यात त्या गावाचे होऊन जातो.

लहानपणी आम्हाला या प्रश्नाचा राग यायचा. शहरातल्या शाळेत वर्गात वरचा नंबर, चित्रकलेचं बक्षीस, आणि इथे आपल्या नावाची किंमत शून्य! मोठेपणी समाजशास्त्राची पुस्तकं हाती आली आणि ध्यानात आलं, की ज्या कोड्यावर ग्रंथ लिहिले गेले ते त्या म्हाताऱ्याने तीन शब्दांत घातलं होतं. माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्यापाशी 'मी' नसतो. तो कुणाचा तरी असतो, आणि तिथून हळूहळू 'मी' होतो. यंदाचा आमचा अंक या घडणीवर आहे.

आधी प्रश्न या अंकालाच विचारू. कुणाचा रे तू? दिवाळी अंक ही आपली अस्सल मराठी मिरास, असं आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हा संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक होते. खुद्द मित्र हे मूळचे आजगावकर. 'मित्र' हे त्यांनी स्वतः लावून घेतलेलं नाव. म्हणजे साहेबाच्या सणाचा नमुना, आपल्या सणाचा मुहूर्त आणि संपादकाचं घेतलेलं नाव, यांतून जे उभं राहिलं ते शंभरी ओलांडून गेलं आणि आपलं झालं. फराळाचंही तेच. बटाट्याच्या चिवड्यातला बटाटा आणि त्यातली मिरची, दोन्ही पोर्तुगीजांच्या वाटेने आली. उटण्याशेजारचा मोती साबण तर कारखान्यातून आला, तरी अनेक घरांत त्याच्या वासावाचून पहिली अंघोळ झाली असं वाटत नाही. संस्कृती म्हणजे आजीच्या पेटीतलं, घडी न मोडलेलं लुगडं नव्हे. रोज अंगावर असलेलं, विरलेलं, दंड घातलेलं, दुसऱ्याच कापडाचं ठिगळ मिरवणारं असं ते वस्त्र. नेसणाऱ्याला ठिगळ दिसत नाही, एवढंच.

ही संस्कृती एका पिढीकडून दुसरीकडे जाते कशी? अंगणात बघा. वसुबारसेच्या आधीपासून पोरं दगड-विटा रचून, वर पोतं टाकून, चिखल थापून किल्ला करू लागतात. उतारावर हळीव पेरायचे, महाराज सगळ्यांत वर सिंहासनावर, मावळे तटावर. हे कुठल्या पुस्तकात नाही, कोणत्या शाळेचा तो अभ्यास नाही. धाकट्याने थोरल्याच्या मागे मागे करत शिकायचं. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात त्यांची बहीण करंजीला मुरड घालायला शिकत असते. किल्ल्यात तिलाही हात घालायचा असतो. पण "आधी इकडे ये" ही हाक तिलाच येते, भावाला येत नाही. मुरड घालता घालता ती आणखी एक गोष्ट शिकते, जी तिला कोणीही शिकवत नाही.

शास्त्रात याला सामाजीकरण म्हणतात. आपल्याकडे 'संस्कार' हा शब्द आहे, पण तो आपण फार धुऊनपुसून वापरतो. संस्कार म्हटले की शुभंकरोती, पाढे, थोरांच्या पाया पडणं. त्यापेक्षा 'वळण' बरा. अक्षराला वळण असतं, पाण्याला असतं, आणि पोरीला 'वळण लावायचं' असतं. मोठी माणसं जे मुद्दाम देतात ते संस्कार. मुलं जे नुसतं पाहून उचलतात ते वळण. घरकामाला येणाऱ्या मावशींना फराळ दिला, हा संस्कार. त्यांचा चहाचा कप फडताळात निराळा ठेवलेला असतो, हे सहा वर्षांच्या मुलाने पाहिलं, ते वळण. दुसरा धडा पहिल्यापेक्षा खोल जातो, कारण तो धडा आहे हेच कोणाला ठाऊक नसतं.

या घडणीचा माग अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी बारकाईने काढला. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की, माणसाचा 'स्व' हा आरशातला स्व असतो. समोरच्याला मी कसा दिसतो, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल, याची कल्पना मी करतो आणि त्यातून मला ताठ मानेने चालावंसं वाटतं किंवा तोंड लपवावंसं. कूली यांनी घरातच टिपणवही ठेवली होती आणि आपली छोटी मुलगी 'मी', 'माझं' हे शब्द केव्हा नि कसे वापरू लागते ते नोंदवलं होतं. आपल्याही घरात बाळ आधी "सोनूला दे" म्हणतं. लोक त्याला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने ते स्वतःला ओळखतं. "मला दे" नंतर येतं.

शिकागोचे जॉर्ज हर्बर्ट मीड पुढे गेले. १९३१ साली ते वारले. शिष्यांनी वर्गातल्या टिपणांवरून त्यांचा मुख्य ग्रंथ १९३४ साली उभा केला. मुलं खेळता खेळता माणूस होतात, असं त्यांचं सांगणं. त्यांनी उदाहरण बेसबॉलचं दिलं. आपण आपले खेळ घेऊ. भातुकलीत मुलगी बाहुलीवर ओरडते तेव्हा आवाज आईचा असतो, शब्दही आईचे. एका वेळी एकाच माणसाचं सोंग ती घेते. पुढे ती खो-खो खेळू लागते. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. खो मिळाला की क्षणात उठायचं, घेतलेली दिशा बदलायची नाही. इथे आईचा आवाज पुरत नाही. नऊ जणांचं आणि समोरच्या संघाचंही मन एकाच वेळी डोक्यात बाळगावं लागतं. हे जमलं की मुलाच्या आत एक 'लोक' बसतो, "लोक काय म्हणतील?" मधला. मीड यांच्या मते आपल्यात दोघं नांदतात: लोकांच्या नजरेतून घडलेला 'मला', आणि त्याला उत्तर देणारा, कधी कधी सगळ्यांना चकवणारा 'मी'.

इथवर सारं गोड आहे. पण आरसा वाकडा असेल तर? कूलींचा ग्रंथ निघाला त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ साली, सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर काही मुलं आगगाडीतून उतरली. नवे कपडे, नीटनेटका वेश. वडील गोरेगावला नोकरीला. ते न्यायला येतील म्हणून मुलं वाट बघत होती, आणि येत असल्याचं पत्र त्यांना पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. बोलता बोलता त्यांनीही तोच प्रश्न विचारला: तुम्ही कोण? मुलाने काही विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते मागे फिरले. पुढे दुप्पट भाडं देऊनही गाडीवान हाकायला तयार होईना. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बरोबर चालायचं, असं ठरलं. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून त्यांना रात्र उपाशी काढावी लागली. त्या मुलांतले एक भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणं, शिपाई नसेल तर पाणी नाही, हे त्यांच्या सवयीचं झालं होतं. या प्रवासाने मात्र त्यांना हादरवलं. एका चेहऱ्याच्या पालटण्यात सगळा समाज दिसला.

त्या आरशाने मुलाला सांगितलं होतं, तू अमुक. मुलाने मोठं होऊन आरशालाच विचारलं, तू कोण? मीड ज्याला 'मी' म्हणतात त्याची याहून मोठी साक्ष आमच्या माहितीत नाही. १९७८ साली आलेल्या 'बलुतं' या आत्मकथनाची मांडणीही आठवा. शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार यांची त्यात गाठ पडते. माणूस एकच, आणि तरी एकाला दुसऱ्याची कहाणी ऐकून घ्यावी लागते. मराठीत 'स्व'वर लिहिलेला तो एक सिद्धान्तग्रंथच आहे.

पक्कं झालेलं वळण मोडता येतं का? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात न घेणाऱ्या, सोवळ्याने झपाटलेल्या वडिलांच्या घरात मनकर्णिका गोखले वाढली. लग्नानंतर लक्ष्मी टिळक झाली. १८९५मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि तिचं सारं जगच उलटंपालटं झालं. पाच वर्षांनी तिनेही तीच वाट धरली. मधल्या काळात शिवाशिवीचा एकेक पदर तिने स्वतःच्या बुद्धीने तपासून सोडला आणि हे सारं हसत, स्वतःची फजिती सांगत लिहिलं. तिशीच्या उंबरठ्यावरची बाई पुन्हा नव्याने घडू शकते, याचा तो मराठीतला दस्तऐवज.

आता त्या पारावरच्या प्रश्नाला मिळालेलं एक वेगळंच उत्तर. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख प्रसिद्ध आहे. समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते ती थोरामोठ्या आप्तांच्या नात्याने. सगळं बरोबर असूनही बाईंना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग घरी जाताना रस्त्यावरचा एक शाळकरी पोरगा सोबत्याला सांगतो, ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते. बाईची ओळख अखेर आई म्हणूनच का, असं कोणी आज विचारेल, विचारावंही. आम्हाला मात्र त्यातली खोडी दिसते. आयुष्यभर नातेसंबंधांचा अभ्यास करणारी विदुषी 'कुणाची?' या प्रश्नाचं उत्तर वाडवडिलांकडून घेत नाही, चड्डीतल्या पोराकडून घेते.

उत्तरं कागदावरही बदलतात. लग्नात ताटातल्या तांदळांवर नव्या नवरीचं नाव लिहिलं जातं आणि वीस-पंचवीस वर्षांचं जुनं नाव त्या दाण्यांत मिसळून जातं. आज अनेकजणी तसं होऊ देत नाहीत. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाने, बापाच्या नावाआधी आईचं नाव आलं आहे. ही मुलं दहा वर्षांची होऊन पारापाशी उतरतील तेव्हा "कुणाचा रं तू?" याला काय म्हणतील, हे ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.

आणि एक कबुली. त्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या आमच्यासाठी हलल्या, त्याची आठवण आम्ही वर्षानुवर्षं गोड म्हणून जपली. आमचं उत्तर त्याला चालणारं होतं म्हणून त्या हलल्या, हे कळायला मात्र फार वर्षं गेली. मसूरच्या फलाटावर आणि आमच्या पारावर प्रश्न एकच होता, फरक आडनावाचा. दुसऱ्याचा 'मी' घडतो तो आपल्या नजरेत, हे शास्त्राचं सांगणं खरं मानायचं, तर आपला चेहरा ही आपली खासगी बाब उरत नाही. दारात कोण आलं आणि आपण कसं पाहिलं, यातून एखादं पोर स्वतःची किंमत ठरवून घरी जातं.

  वाचकहो, यंदा फराळाला नवं पोर दारात आलं, तर म्हाताऱ्याचं दुसरं वाक्य आधी म्हणून बघा. "आपलाच की!" म्हणावं, पाट द्यावा, लाडू द्यावा. कुणाचा, ते तो खाता खाता सांगेल.

शुभ दीपावली.

– संपादक