प्रश्न उद्भवत नाही

सरकारी मराठीतली काही वाक्यं अशी आहेत, की ती पहिल्यांदा लिहिणाऱ्याला हुडकून काढून त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. 'प्रश्न उद्भवत नाही' हे त्यांतलं माझं सर्वांत लाडकं. वर प्रश्न चांगला क्रमांकासकट छापलेला असतो : 'अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पहिल्याला उत्तर, 'हे खरे नाही.' मग दुसऱ्यापुढे लिहायला कारकुनाला हातही उचलावा लागत नाही : 'प्रश्न उद्भवत नाही.' हे वाक्य यंदा वर्षभर माझ्या कानाशी डासासारखं गुणगुणत राहिलं. दिवाळी अंकाची जुळवाजुळव करताना, मुद्रितं तपासताना, जाहिरातींसाठी उंबरे झिजवतानासुद्धा. तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशी ही कटकट घेऊन आलो त्याबद्दल माफी. दरवर्षी काहीतरी आणतोच, याची तुम्हाला सवय आहे.

मी उमेदवारी करत होतो तेव्हा एका दैनिकासाठी आमच्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची बातमी द्यायचो. वार्ताहरांसाठी भिंतीला टेकून एक बाक होता. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून उठताना शेजाऱ्याला सांगून उठावं लागे. सभा म्हणजे बहुतेक वेळा सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'मंजूर, मंजूर' आणि चहा. खरी मेजवानी शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' या गोंडस नावाखाली यायची. पण महिलांसाठी राखीव झालेल्या वॉर्डातून एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका निवडून आल्या आणि सभेला जरा वळण लागलं. सगळे त्यांना बाई म्हणत, मुख्याधिकारीही. 'कारभार नवराच बघणार' अशी पैज लावणारे लावून बसले होते. नवरा यायचा खरा, पण डबा घेऊन, आणि बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसायचा.

बाई प्रश्न लेखी द्यायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, समास सोडून, शुद्धलेखनासकट. एका सभेत त्यांचा प्रश्न होता एसटी स्टँडाजवळच्या महिला स्वच्छतागृहाबद्दल : ते बंद असते, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे खरे नाही, स्वच्छतागृह सुरू आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे, प्रश्न उद्भवत नाही. नगराध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले तसा बाईंनी हात वर केला. उपप्रश्न.

"त्याची किल्ली कोणाकडे असते?"

अभियंत्यांनी स्वच्छता निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम छताकडे बघू लागला. पंखा तेवढा ऐकू येत होता. शेवटी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई न राहवून म्हणाला, "रसवंतीवाल्याकडं असते, बाई. तो त्यात ऊस ठेवतो."

हशा झाला, पण बाई हसल्या नाहीत. "हे प्रोसिडिंगला घ्या," एवढंच म्हणाल्या. सभेच्या कारकुनाने मान खाली घालून ते लिहून घेतलं. आठवड्याच्या आत ऊस बाहेर आला आणि किल्ली एका सफाई कामगार बाईंच्या पदराला गेली. सहा-आठ महिने तरी ते दार उघडं होतं. फार मोठी क्रांती नव्हे, पण बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना विचारा, लहान होती का.

ज्याला उत्तर द्यायचं तो समोर बसलेला, ज्यांना ऐकायचं ते चहूकडे आणि टिपून घेणारा कोपऱ्यात : लेखी उत्तर कितीही गुळगुळीत असलं तरी अशा ठिकाणी उपप्रश्नाला ते पुरत नाही. आपल्या महापालिकांची रचनाही याच गृहीतकावर उभी आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून कारभाराचा खरा अधिकार आयुक्तांकडे आहे. महापौर मानाचे, हुकूम आयुक्तांचा. नगरसेवकांच्या हाती अंदाजपत्रकाची मंजुरी, ठरावाची सूचना, हरकतीचा मुद्दा आणि प्रश्न. हुकूम सोडणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी न सोडणाऱ्यांपुढे बसून ऐकून घ्यावं, अशी ही सोय.

२०२५ च्या दिवाळीपर्यंत मात्र ते बसणं उरलं नव्हतं आणि ऐकणंही नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्याच महिन्यात. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत त्याआधीच, २०२० च्या उन्हाळ्यापासून प्रशासक होते. म्हणजे नवी मुंबईत नगरसेवकांची आख्खी एक टर्म भरेल एवढा काळ सभागृह नुसतं झाडून ठेवलेलं होतं. आमची नगरपालिका या थोरामोठ्यांच्या पंक्तीत बसायची नाही, पण कुलूप तेच. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभाग किती आणि ते कोणी पाडायचे याची रस्सीखेच. कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. पण १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत दिली, ती सप्टेंबरात वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली. तोवर दिवाळीच्या चकल्याही संपलेल्या असणार होत्या.

दरम्यान मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं झालं. पुण्याचं १२ हजार ६१८ कोटींचं. आयुक्तांनी मांडलं, प्रशासकांनी मंजूर केलं. आयुक्त कोण? तेच. प्रशासक कोण? तेच. एकाच माणसाने एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचं आणि मान डोलवायची. खरं तर उठायचीही गरज नाही.

यावर माझा एक मित्र, ज्याच्या घरी मी दर रविवारी चहा पितो आणि जो हे वाचून पुढच्या रविवारी दार उघडणार नाही, तो म्हणतो, "बरं चाललंय की! कोणी टक्केवारी मागत नाही, खुर्च्या फेकत नाही, रस्ता तरी होतो." असं म्हणणारा तो एकटा नाही. मध्यमवर्गाला निवडून न आलेल्या माणसाची एक सुप्त ओढ आहे. साहेब कडक आहेत, साहेब पहाटे सायकलवरून फिरतात, याचं आपल्याला केवढं कौतुक. साहेबांची बदली झाली की त्या सायकलीबरोबर सगळंच जातं, एवढं मात्र आपण विसरतो.

नगरसेवक काही धुतल्या तांदळाचे नव्हते, हे मी त्या आखूड पायाच्या बाकावरून पाहिलेलं आहे. मुंबईच्या नगरसेवकांच्या प्रश्नांचा हिशेब प्रजा फाउंडेशन ही संस्था वर्षानुवर्षं मांडत आली. त्यात रस्त्यांना आणि चौकांना नावं देण्याविषयीचे प्रश्न वारंवार वरच्या क्रमांकावर दिसत. पाणी नाही, गटार तुंबलंय, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि सभागृह चौकाचं बारसं करतंय. पाच वर्षांत तोंड न उघडणारेही होतेच. आमच्या इथे तर एक सद्गृहस्थ फक्त 'अनुमोदन' एवढाच शब्द बोलून दोनदा निवडून आले. पण अशा तीस मुक्यांमध्ये एखाद्या बाई बसायच्या. सभागृहाला कुलूप लागल्यावर त्यांनाही बसायला जागा उरली नाही.

असं एकटं पडणं सभागृहाला नवं नाही. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं सभासद होते, तेही लोकनियुक्त नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे म्हणून शहर सजवायला हजार रुपयांचा खर्च सभेपुढे आला. सगळ्या सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचं पडलं. शोभेवर उधळण्यापेक्षा हा पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. मोठी खर्चिक मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. खर्च अर्थातच झाला. मंडई १८८६ मध्ये उभी राहिली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव दिलं गेलं ते महात्मा फुले मंडई. ज्यांनी 'हे कशाला?' असं विचारलं, त्यांचंच नाव आज त्या इमारतीवर आहे. पुणेकरांना विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं!

यंदा उन्हाळ्यात एसटी स्टँडाजवळून जाताना पाहिलं, तर स्वच्छतागृहाला पुन्हा कुलूप. इमारत नवी, बाहेर रंगीत टाइल्स, दारावर स्वच्छतेचा संदेश देणारं हसरं चित्र आणि चित्राच्या बरोब्बर नाकावर कुलूप. बाई आता नाहीत. रसवंतीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी नव्या जमान्याला धरून ॲपवर फोटोसकट तक्रार केली. तिसऱ्या दिवशी संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' सोबत पुरावा म्हणून त्यांचा फोटो. फोटोत दार होतं, हसरं चित्र होतं, आणि कुलूपही होतं. समाधानी आहात काय, यावर पाचपैकी तारे द्यायचे होते. उपप्रश्नाला जागा नव्हती.

कचेरीत गेलो. टेबलावरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, माहिती अधिकारात अर्ज करा. २००५ चा हा कायदा मला प्रिय आहे, त्याने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला : सदर स्वच्छतागृह बंद का आहे? किल्ली कोणाकडे असते? तीस दिवस भरता भरता उत्तर आलं. 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.'

मी चिडलो, आणि मग जरा वाचलं. उत्तर देणाऱ्याला निदान अर्धा आधार होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलं आहे, की कागदावर असलेली माहिती मागता येते, 'का' याचं उत्तर मागता येत नाही. कायद्याच्या अंगाने ते पटण्यासारखंही आहे. 'किल्ली कोणाकडे' हा 'का' नव्हता, पण तो त्या वाऱ्यात उडाला. म्हणजे 'का' विचारायची जागा ही नव्हे, ती सभागृहात. आणि सभागृहाला तेव्हा कुलूप. त्याची किल्ली कोणाकडे, हाही प्रश्नार्थक स्वरूपाचाच मामला.

वर्षाचा आढावा घ्यायचा संपादकीयाचा रिवाज आहे, तो २०२५ पुरता उरकतो. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. आमच्या पिढीला आकाशाकडे बघायला शिकवणारा माणूस गेला, त्यांच्यावर आत स्वतंत्र लेख आहे. पहिलीपासून हिंदीचा आदेश आला आणि जूनअखेर मागे गेला. तिथे मात्र लोकांनी प्रश्न विचारले, रस्त्यावर उतरून. सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या शेतांत शिरल्या आणि पिकाबरोबर मातीही घेऊन गेल्या. यावर एका ओळीत लिहिण्याची लाज वाटते, म्हणून ती ओळ इथेच थांबवतो.

आणि जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतलं जिंजी. यंदाच्या अंकाचा विषय त्यावरूनच ठरला : किल्ले. लेखकांनी राजगडापासून दारातल्या मातीच्या किल्ल्यापर्यंत सुरेख लिहिलं आहे. आणि संपादक बसलाय किल्लीवर! आमच्या सहसंपादक ताईंनी हा मजकूर वाचून विचारलं, "विषयाशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे.

संबंध ओढूनताणून लावायचाच तर असा : शिवकाळात किल्ला एकाच माणसाच्या हवाली नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत, सगळे सारख्या दर्जाचे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, पहारे सरनोबताकडे. एकजण फितला तरी बाकीच्यांनी त्याला अडवावं, ही त्यातली मेख. मांडणाराही मीच आणि मंजूर करणाराही मीच, असा कारभार तेव्हा एखाद्या चौकीवरही चालला नसता. ताईंना हे पटलेलं नाही, पण पान सोडायची वेळ झाली होती.

आमच्या गल्लीतल्या पोरांचा किल्ला सुरू झाला आहे. हळीव पेरून झालेत, मातीचे मावळे माळ्यावरून उतरले आहेत, आणि यंदा महादरवाजाला खरं छोटं कुलूप लावायचं की नाही यावरून दोन तट पडले आहेत. काल तासभर कडाक्याची सभा झाली, मी खिडकीतून ऐकली. एक चिमुरडी सारखी एकच विचारत होती, "पण मग उघडणार कोण?"

मी माहिती अधिकाराचा अर्ज पुन्हा केला आहे, दहा रुपयांचा नवा स्टॅम्प लावून. मजकूर तोच आहे, फक्त या वेळी प्रश्नचिन्हं काढून टाकली आहेत.