दिव्यांची ती रात्र

दसरा उलटला की सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात कापसाची वेचणी सुरू होते आणि पेठेत पैसा फिरू लागतो. किराणा, कापड, बी-बियाणे, आडत, सर्वच दुकानांतून उधारीच्या वह्या उघडतात. आपल्या व्यापारी घरांचे मंगल प्रसंगही याच सुमारास ठरतात: कुणाच्या मुलीची सगाई, कुणाच्या नव्या पेढीचा मुहूर्त, कुणा वडीलधाऱ्यांच्या विवाहाला झालेली पन्नास वर्षे. आणि यांपैकी एखाद्या घराच्या बैठकीत भिंतीवर नुकतीच लावलेली एक तसबीर असते, तिच्यावरचा चंदनाचा हार अजून नवा दिसतो. अशा घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की यंदा दिवाळी करावी की न करावी?

वर्षभर गोडधोड नाही, नवे वस्त्र नाही, मंगल कार्य पुढे ढकलायचे, हा रिवाज पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. त्यामागील भावना आदरणीयच होय. परंतु ज्या दिवशी हा प्रश्न पडतो तो दिवस स्वतःच एका वियोगाचा आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. कल्पसूत्रात सांगितले आहे की त्या वेळी काशी-कोसल देशाचे नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी असे अठरा गणराजे पौषध व्रतात होते. ज्ञानाचा प्रकाश मावळला, आता निदान द्रव्याचा प्रकाश करू, असे म्हणून त्यांनी दीप लावले. म्हणजे जैनांच्या दिवाळीतील पणती ही मुळात कुणीतरी गेल्यानंतर लावलेली पणती आहे.

त्या रात्रीचा दुसरा भाग तर अधिकच हृदयस्पर्शी आहे. देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाला प्रतिबोध देण्यासाठी भगवंतांनी इंद्रभूती गौतमांना जवळच्या गावी पाठविले होते. परतताना वाटेत त्यांना निर्वाणाची वार्ता समजली. चार ज्ञानांचे धारक, प्रथम गणधर, असे हे गौतमस्वामी लहान बालकासारखे विलाप करू लागले. अखेरच्या घडीला मला दूर का पाठविले, ही त्यांची तक्रार होती. मृत्यूसमयी जवळ असू न शकलेल्या प्रत्येक मुलाची, प्रत्येक मुलीची तक्रार याहून वेगळी नसते. विलाप करता करताच त्यांना उमगले की वीतरागावर राग तो कसला, आणि त्या पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. म्हणून कार्तिक शुद्ध प्रतिपदेला विनयप्रभ उपाध्यायांनी विक्रम संवत १४१२ मध्ये रचलेला गौतमरास श्रवण करण्याची प्रथा आहे, आणि म्हणूनच आपल्या चोपड्यांच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी मागितली जाते. शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी त्यानंतर येते. हिशेबाच्या वहीवर सर्वांत वर नाव असते ते एका शोकाकुल शिष्याचे.

शास्त्राने शोकाला मोकळे रान मात्र दिलेले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दुःख, शोक, आक्रंदन यांची गणना असातावेदनीय कर्माच्या आस्रवकारणांत केली आहे. उलट तीर्थंकरांच्या जीवनातील च्यवन, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण या पाचही प्रसंगांना एकच शब्द दिला आहे: कल्याणक. पहिल्याला मंगल आणि शेवटच्याला अमंगल असा भेद त्यात नाही. तीर्थंकरांची गोष्ट सामान्य संसारी जीवाला जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरे. तरीही ज्या समाजाच्या पंचांगात जन्म आणि निर्वाण शेजारी शेजारी बसतात, त्या समाजातील एखादी आई केवळ पती गेला म्हणून स्वतःच्या मुलाच्या लग्नात मागच्या खोलीत बसते, औक्षणाचे ताट तिच्या हाती दिले जात नाही, ही गोष्ट कोणत्या आगमात बसते? उत्तर देणे कठीण आहे. तसबिरीला पहिला नमस्कार करावयाचा आणि त्या तसबिरीच्या अर्धांगीला अपशकुनी मानावयाचे, हे दोन्ही एकाच घरात चालते.

गेलेल्या माणसाला घराच्या उत्सवात जागा कशी द्यावी, याचे एक उदाहरण शेजारच्याच जळगाव जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या वाटेवरील वाकोद या खेड्यात १२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी हातगाडीवर रॉकेल विकण्यापासून आरंभ करून, १९६३ मध्ये घरातील सात हजार रुपयांच्या पुंजीवर व्यापार उभारला. ठिबक सिंचनामुळे त्यांचे नाव शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. व्यापारी माणूस पत्नीविषयी चारचौघांत बोलत नाही, मग लिहिणे दूरच. आयुष्यभर आकडे लिहिलेल्या हाताने सहजीवन लिहून काढावे, ही गोष्ट मोठ्या कारखान्यापेक्षा कमी मोलाची नाही. जळगावचे कांताई सभागृह, कांताई नेत्रालय आणि गिरणेवरील कांताई बंधारा यांतून ते नाव आज रोजच्या व्यवहारात उच्चारले जाते. सभागृहात समारंभ होतात, नेत्रालयात डोळ्यांवरची पट्टी सुटते. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी भवरलालजीही गेले.

प्रत्येक घराला बंधारा बांधणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. गुणानुवाद सभा, पांजरपोळातील एका दिवसाचा चारा, भोजनशाळेतील कायमची तिथी हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. संग्रामपूरच्या बाजूला मात्र एक मार्ग अधिक जवळचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या तालुक्यात शिरलेला आहे. पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी तोंडी लावता येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने या भागातील कित्येक घरे पोखरली आहेत. वान धरणाचे पाणी गावोगाव नेण्याची योजना झाली, तरी बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या माणसाला चैत्र-वैशाखात दुकानापुढे गोड पाण्याचा माठ दिसला तर तो आधी तेथे थांबतो. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने आपल्या माणसाची आठवण गाळलेल्या पाण्याने ठेवावी, यात अवघड काहीच नाही. पाटीवर नाव असले तर असो. नसले तरी पेठेत सर्वांना ठाऊक असते की हा माठ कुणाच्या नावाचा.

राहिली यंदाची दिवाळी. फटाके तर अहिंसेच्या विचाराने एरवीही नकोतच. मिठाई कमी करावी, रोषणाई नसली तरी चालेल. चोपडापूजन मात्र थांबवू नये. नव्या वहीवर पहिले स्वस्तिक घरातील त्या माउलीच्या हातून काढून घ्यावे, ज्या हाताला या वर्षी कुणी कुंकवाची वाटी दिलेली नाही. लाभपंचमीला पेढी उघडेल तेव्हा तीच वही गल्ल्याजवळ असेल.